पॉलिमर गुलटेकडीच्या कोथिंबिरीवर तपासा : पुण्यातील संशोधकांना एक खुले पत्र

प्रति,
पुण्यातील विद्यापीठ, महाविद्यालये व राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये रेणू-ठशांच्या पॉलिमरांवर काम करणारे संशोधक, मार्गदर्शक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी

विषय : कीडनाशकांचे सूक्ष्म अवशेष ओळखणारी ठसा-पॉलिमरे बाजारातल्या मालावर तपासली जाण्याबाबत

सन्माननीय संशोधकहो,

मी कीडनाशकांच्या अवशेषांच्या तपासणीत नोकरीची बहुतेक वर्षे घालवलेला विश्लेषक आहे. आलेला नमुना एकजीव करायचा, त्याचा अर्क काढायचा, तो अर्क स्वच्छ करायचा आणि मग यंत्राने दाखवलेल्या शिखरांकडे संशयाने पाहायचे, असे माझे काम होते. आपण सगळे ज्याला एमआयपी म्हणतो त्या रेणू-ठशांच्या पॉलिमरांवरचे शोधनिबंध आणि प्रबंध मी आवडीने वाचतो, आणि त्यांतले रसायनशास्त्र अनेकदा खरोखर देखणे असते. मात्र वाचून झाल्यावर दर वेळी तोच प्रश्न उरतो. संवेदक बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवलेल्या स्वच्छ द्रावणात, उत्तम चालतो, शेवटच्या तक्त्यात नळाचे पाणी किंवा एखाद्या फळाचा गाळलेला रस येतो, त्यात मुद्दाम मिसळलेले कीडनाशक पंचाण्णव ते एकशे चार टक्के परत मिळते आणि निबंध संपतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे उतरणारी पालेभाजी, नारायणगावचा टोमॅटो, जुन्नर आणि इंदापूरची द्राक्षे यांच्यापर्यंत ते पॉलिमर पोहोचल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. ते पोहोचावे, आणि त्यासाठी त्याने कोणत्या कसोट्यांना उतरले पाहिजे हे आपण पुण्यातच ठरवावे, एवढ्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पत्र खुले असल्यामुळे ते इतरांच्याही वाचनात येईल, म्हणून मूळ कल्पना थोडक्यात सांगतो. आपण हा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल. ज्या रेणूला ओळखायचे आहे तो रेणू, म्हणजे टेम्प्लेट, योग्य द्रावकात घेतात आणि त्याच्याशी हायड्रोजन बंधाने किंवा विद्युतभाराने जुळणारा मोनोमर, म्हणजे ज्यापासून पॉलिमर बनते तो छोटा रेणू, त्यात मिसळतात. यासाठी मेथॅक्रिलिक आम्ल फार वेळा वापरले जाते. मोनोमरचे रेणू टेम्प्लेटभोवती आपापल्या जागा घेतात. मग इथिलीन ग्लायकॉल डायमेथॅक्रिलेटसारखा जोडणारा रेणू भरपूर प्रमाणात घालून, उष्णतेने किंवा अतिनील प्रकाशाने, ती मांडणी होती तशी गोठवतात. तयार झालेल्या कडक पॉलिमरमधून टेम्प्लेट धुऊन काढला की त्याच्या आकाराची आणि त्याच्याशी जुळणारे रासायनिक गट योग्य जागी असलेली पोकळी मागे राहते. नंतर तोच रेणू समोर आला तर तो त्या पोकळीत बसतो. त्याच्यासारखे नसलेले बहुतेक रेणू बसत नाहीत.

ही कल्पना नवी नाही. सिलिकामध्ये असे ठसे उमटू शकतात हे पोल्याकोव्ह यांनी १९३१ मध्ये दाखवले, १९४९ मध्ये डिकी यांनी मिथिल ऑरेंजसारख्या रंगद्रव्यांवर तेच केले, आणि सेंद्रिय पॉलिमरांमध्ये वुल्फ यांनी १९७२ मध्ये सहसंयुज बंधांनी ठसे घेतले. स्वीडनमधील लुंड येथे मोसबाख यांच्या गटाने पुढे असहसंयुज पद्धत रुळवली, आणि १९९३ मध्ये असे पॉलिमर प्रतिपिंडासारखे वापरून थिओफिलिन आणि डायझेपाम ही औषधे मोजता येतात हे दाखवले. म्हणजे अन्नातल्या अवशेषांसाठी हे तंत्र वापरायचे म्हटले तर पायाभूत रसायनशास्त्राची उणीव आज राहिलेली नाही.

आता मोजायचे काय आहे ते पाहू. भारतातही, आणि युरोपीय संघातही, ज्या कीडनाशकासाठी त्या पिकावर स्वतंत्र कमाल मर्यादा ठरवलेली नाही तिथे सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. दहा टन माल भरलेल्या ट्रकमध्ये एका रसायनाचा एकूण अवशेष ०.१ ग्रॅम असेल तर तो माल बरोबर त्या रेषेवर उभा असतो. आज हे मोजण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे क्वेचर्ससारखी अर्क काढण्याची पद्धत आणि त्यापुढे अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या द्रव किंवा वायू क्रोमॅटोग्राफीला जोडलेले, रेणूंना त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटर. दहा ग्रॅम एकजीव नमुना, दहा मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, एक ग्रॅम मीठ: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कृतीने आमच्या व्यवसायाचा चेहरामोहरा बदलला. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने द्राक्षांसाठी इथिल अ‍ॅसिटेटवर आधारलेली पद्धत प्रमाणित केली, आणि निर्यातीच्या द्राक्षांची अवशेष-तपासणी त्या केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली चालते. एका धावेत शेकडो कीडनाशके पाहता येतात. यंत्राची किंमत मात्र कोटीच्या पुढे जाते, शुद्ध द्रावक आणि वायू सतत लागतात, आणि ते चालवणारा माणूस तयार व्हायला काही वर्षे जातात.

निर्यातीच्या द्राक्षाला हे सगळे परवडते, कारण त्या मालाची किंमत, त्याची नोंदणीकृत बाग आणि त्याचा परदेशी ग्राहक हा खर्च उचलतात. कोथिंबिरीच्या जुडीला तो परवडत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. या मुदतीत चूक काही नाही, कारण कायदेशीर अहवाल घाईने देऊ नये. पण तोपर्यंत ती कोथिंबीर ज्यांनी खायची त्यांनी खाल्लेली असते. त्यामुळे देशांतर्गत बाजारातल्या पालेभाजीची तपासणी ही मुख्यतः झालेल्या गोष्टीची नोंद ठरते. पहाटे गाडी उतरल्यापासून लिलाव होईपर्यंतच्या काही तासांत 'हा माल बाजूला ठेवा, याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा' एवढे सांगू शकणारे साधन हवे आहे. मला ठसा-पॉलिमरांची जागा तिथे दिसते, आणि तेवढीच दिसते. ती मास स्पेक्ट्रोमीटरची जागा घेतील असे प्रस्तावनेत लिहिणाऱ्या प्रबंधांनी विनाकारण मोठे ओझे अंगावर घेतले आहे.

या कामासाठी आज हाताशी असलेली दुसरी गोष्ट म्हणजे एन्झाइमची पट्टी. अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज या एन्झाइमचे काम ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांची कीडनाशके रोखतात, त्या परिणामावर ती चालते. स्वस्त आहे, झटपट आहे. पण पायरेथ्रॉइड, इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड किंवा बुरशीनाशके तिला दिसतच नाहीत, कांदा-लसूण वर्गातील भाज्यांमधली गंधकयुक्त संयुगे तिला फसवतात, आणि एन्झाइम थंड जागेत ठेवावे लागते. ठसा-पॉलिमर उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या गाळ्यात महिनोन्महिने पडून राहिले तरी बिघडत नाही. ते आम्ल सहन करते, सेंद्रिय द्रावक सहन करते. हा त्याचा गुण शोधनिबंधात एका वाक्यात उरकला जातो, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

यावरून मी पहिल्या आग्रहाकडे येतो. शोधण्याची मर्यादा खाली नेण्याची शर्यत थांबवावी. क्लोरपायरीफॉसचा रेणुभार सुमारे ३५०.६ आहे. दहा ग्रॅम भाजीचा अर्क दहा मिलिलिटरमध्ये काढला आणि भाजीत किलोला ०.०१ मिलिग्रॅम क्लोरपायरीफॉस असेल, तर अर्कात त्याची तीव्रता सुमारे २८ नॅनोमोलर (लिटरमागे मोलचे २८ अब्जांश) भरते. अन्नाच्या कायद्याला याहून खालचे फारसे काही नको आहे. असे असताना बफरमधली पिकोमोलर किंवा फेम्टोमोलर, म्हणजे त्याहून हजारो-लाखो पट खालची, मर्यादा हे निबंधाचे मुख्य यश म्हणून मांडले जाते, तेव्हा प्रश्न पडतो की ही संवेदनशीलता कोणासाठी मिळवली. मला कोथिंबिरीच्या अर्कात ३० नॅनोमोलर खात्रीने ओळखणारे पॉलिमर द्या. शुद्ध पाण्यातले फेम्टोमोलर मी आनंदाने सोडून देईन.

कोथिंबीर मी उगाच निवडलेली नाही. अवशेष-विश्लेषकाला विचारा, हिरव्या पालेभाजीचा अर्क त्याला किती छळतो ते तो सांगेल. हरितद्रव्य, मेणे, फिनॉल, सुगंधी तेले हे सगळे कीडनाशकाच्या हजारो पट प्रमाणात अर्कात उतरते. ग्राफाइटी कार्बन वापरला तर हरितद्रव्य जाते, पण कार्बेन्डॅझिमसारखे सपाट रेणूही त्याच्याबरोबर जातात. नेमक्या याच ठिकाणी ठसा-पॉलिमर भरलेली छोटी कार्ट्रिज उपयोगी पडू शकते, कारण बाकी सगळे वाहून जाऊ द्यायचे आणि हवा तो गट धरून ठेवायचा, हे तिचे कामच आहे. शिवाय हायड्रोजन बंधांवर आधारलेले पॉलिमर ज्या द्रावकात तयार झाले त्याच द्रावकात सहसा सर्वांत चांगले काम करते, आणि आमचा अर्क मुळातच अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये असतो. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ठसा घेतलेले पॉलिमर आमच्या रोजच्या कृतीत द्रावक न बदलता बसू शकेल. पाण्यात मात्र पाण्याचेच रेणू त्या बंधांच्या जागा अडवतात, आणि भाजी म्हणजे बहुतांशी पाणीच. अर्क पुरेसा कोरडा झाला आहे का, हे ज्या निबंधात तपासलेले नाही त्यातील बंधनाच्या आलेखावर मी फार विसंबत नाही.

पातळ फिल्मच्या विद्युत-रासायनिक संवेदकांबद्दल वेगळे बोलले पाहिजे, कारण सध्या बराचसा उत्साह तिकडे आहे. ऑर्थो-फेनिलीनडायअमीन किंवा पायरोल इलेक्ट्रोडवरच पॉलिमर केले जाते, टेम्प्लेट धुतला जातो, आणि फेरिसायनाइडसारख्या सूचकाचा प्रवाह मोजला जातो. पोकळ्या भरल्या की सूचकाला वाट कमी मिळते आणि प्रवाह घटतो. युक्ती छान आहे. पण वांग्यातली फिनॉल-संयुगे इलेक्ट्रोडवर चिकटली तरीही प्रवाह घटतो, आणि प्रथिनांचा थर बसला तरीही घटतो. प्रवाह घटला एवढ्यावरून पोकळीत कीडनाशक बसले असे म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक मोजणीच्या शेजारी, त्याच अर्कात, टेम्प्लेटशिवाय तयार केलेला जुळा इलेक्ट्रोड चालवणे आवश्यक आहे. टेम्प्लेटशिवायच्या पॉलिमरची तुलना बहुतेक निबंधांत असते, पण ती बफरमध्ये असते. भाजीच्या अर्कात तीच तुलना केली की ठशाचा म्हणून दाखवलेला फायदा कधी कधी निम्म्याने उतरतो, तर कधी उरतच नाही. असा आकडा कोणी प्रामाणिकपणे छापला तर तो निबंध मी अधिक आदराने वाचेन, आणि परीक्षकांनीही वाचावा.

आता ज्या अडचणीबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते तिच्याकडे वळतो. धुतल्यानंतरही टेम्प्लेटचा काही अंश पॉलिमरमध्ये अडकून राहतो आणि नंतर हळूहळू झिरपतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचे प्रमाण कागदावर मांडले की चित्र वेगळेच दिसते. नेहमीची कृती घेऊ: एक मिलिमोल टेम्प्लेट, चार मिलिमोल मेथॅक्रिलिक आम्ल, वीस मिलिमोल जोडणारा रेणू. टेम्प्लेट अ‍ॅट्राझीन असेल तर सुमारे ०.२२ ग्रॅम अ‍ॅट्राझीन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास पॉलिमरमध्ये जाते, म्हणजे पॉलिमरच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५० मिलिग्रॅम. मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लाने सॉक्सलेट या सतत धुणाऱ्या उपकरणात ते धुतले आणि ९९ टक्के निघाले असे धरू. आता १०० मिलिग्रॅम पॉलिमरची कार्ट्रिज भरली, तर तिच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझीन शिल्लक आहे. दहा ग्रॅम मक्यात किलोला ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेवर असलेले अ‍ॅट्राझीन भरते ०.१ मायक्रोग्रॅम. ज्याला पकडायचे त्याच्या पाचशे पट माल पकडणाऱ्याच्या खिशात आधीच पडून आहे! शिल्लक राहिलेले बरेचसे कायमचे अडकलेले असते आणि बाहेर येत नाही, हे मान्य. पण त्यातला हजारावा भाग जरी झिरपला तरी मर्यादेच्या निम्मा अवशेष कोऱ्या, म्हणजे कीडनाशक नसलेल्या, नमुन्यात दिसेल, आणि एखाद्या शेतकऱ्याच्या स्वच्छ मालावर शिक्का बसेल.

यावर उपायही जुनाच आहे: ज्याला मोजायचे त्याचा ठसा न घेता, त्याच्या जवळच्या पण आपल्या शेतात न वापरल्या जाणाऱ्या आणि क्रोमॅटोग्राफीत वेगळ्या दिसणाऱ्या रेणूचा ठसा घ्यायचा. जुळे नसले तरी नात्यातले रेणू त्या पोकळीत बसतात. ट्रायझीन गटात हे चांगले सिद्ध झाले आहे. झिरपलेच तर झिरपते ते परके असते आणि निकालात मिसळत नाही. अशा पॉलिमरची निवडकता थोडी कमी होते हे खरे, पण बाजारातल्या चाळणीला गटभर पकडणारे पॉलिमर उलट अधिक सोयीचे आहे. एकाच ऑर्गॅनोफॉस्फेटला ओळखणारा आणि त्याच्या शेजाऱ्याला सोडून देणारा संवेदक मार्केट यार्डात काय कामाचा? 'अतिशय निवडक' हा शब्द प्रबंधात कौतुकाचा असतो. चाळणीच्या कामात तो कित्येकदा दोष ठरतो.

कोणत्या कीडनाशकांवर श्रम खर्च करावेत, याबद्दलही माझे ठाम मत आहे. शेकडो कीडनाशके एका धावेत जिथे दिसतात, तिथे त्यांतल्याच एकासाठी नवा संवेदक बनवून प्रयोगशाळेला मिळणारी भर थोडीच. प्रयोगशाळेची खरी गैरसोय त्या रेणूंनी केलेली आहे जे बहु-अवशेष पद्धतीत येतच नाहीत आणि ज्यांच्यासाठी वेगळा अर्क, वेगळा स्तंभ आणि वेगळी धाव लागते: ग्लायफोसेट, इथेफॉन, पॅराक्वाट, क्लोरमेक्वाट. यांतल्या शेवटच्या नावाने द्राक्ष बागायतदारांच्या पोटात आजही गोळा येत असेल. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे क्लोरमेक्वाट (बागायतदारांचे सीसीसी) २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये सापडले, तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि माल अडकला. आपल्याकडच्या त्या वेळच्या नेहमीच्या तपासणी यादीत ते नव्हते. यादीत नसलेले रसायन कितीही महागड्या यंत्राला दिसत नाही, हा धडा त्या वर्षी अनेक बागांनी कर्ज काढून घेतला.

क्लोरमेक्वाट हा धनभारित, पाण्यात सहज विरघळणारा छोटा आयन आहे. मेथॅक्रिलिक आम्लाचे नेहमीचे हायड्रोजन बंध इथे पुरणार नाहीत. भाराला भार जोडणारे मोनोमर आणि पाण्यात काम करणारी पॉलिमरे लागतील, आणि भाजी-फळातल्या पोटॅशियमसारख्या आयनांशी त्यांची स्पर्धा राहील. काम अवघड आहे आणि कदाचित दोन पीएच.डी. त्यात जातील. तरीही पुण्यातल्या पॉलिमर-रसायनशास्त्राने हात घालावा असा हा प्रश्न आहे, आणि बागायतदाराला काढणीपूर्वी बांधावर हे तपासता आले तर त्याचा उपयोग कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

बांधावरची तपासणी आणि यार्डातली तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या चुकांची किंमतही वेगळी आहे. फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचा काळ, ज्याला बागायतदार पीएचआय म्हणतात, तो संपला तरी अवशेष उतरला आहे का, हे शेतकरी स्वतः पाहतो तेव्हा खोटा होकार आला तर तो आणखी चार दिवस थांबेल किंवा नमुना प्रयोगशाळेत देईल. यार्डात तोच खोटा होकार आला तर त्याच्या मालाचा भाव तिथल्या तिथे पडेल, आणि चूक पॉलिमरची होती हे नंतर सिद्ध होऊन काही उपयोग नाही. म्हणून यार्डातल्या झटपट चाचणीच्या आधारे माल रोखू नये, भाव पाडू नये आणि आडत्याला वा ग्राहकाला निकाल सांगू नये. त्या निकालाचा एकच परिणाम असावा, तो म्हणजे नमुना पक्क्या तपासणीला जाणे. हे बाजार समिती आणि अन्न व औषध प्रशासन यांनी ठरवायचे आहे, आपण नव्हे, याची मला जाणीव आहे. पण साधन बनवणाऱ्याने ते कशासाठी वापरू नये हेही लिहून द्यायचे असते.

खोटा नकार किती चालेल, याला मात्र आधीच उत्तर आहे. युरोपीय आयोगाच्या अवशेष-तपासणीच्या मार्गदर्शक दस्तऐवजात चाळणी-पद्धतींसाठी सरळ कसोटी दिली आहे: ठरवलेल्या पातळीवर अवशेष मिसळलेले किमान वीस नमुने घ्यावेत, आणि त्यांतल्या निदान ९५ टक्क्यांत पद्धतीने तो ओळखावा. वीसपैकी एकोणीस. समजा एका आठवड्यात ३०० नमुने चाळले, त्यांत मर्यादेबाहेरचे १५ होते, पद्धतीने त्यांतले १४ पकडले आणि स्वच्छ २८५ पैकी दहा टक्के चुकून पकडले. तरी प्रयोगशाळेकडे तीनशेऐवजी चाळीस-पंचेचाळीस नमुने जातील. मोजमापाचा आकडा न देता नुसते हो-नाही सांगणारे आणि दहा टक्के वेळा उगाच ओरडणारे पॉलिमरही एवढे काम करते. मग आपल्या निबंधांत ही वीस नमुन्यांची कसोटी का दिसत नाही? ती लावायला नवे उपकरण लागत नाही. लागतात वीस वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या मेथीच्या जुड्या.

मुद्दाम मिसळलेल्या नमुन्याबद्दल आणखी एक सांगतो. मिक्सरमधून काढलेल्या लगद्यात सुईने सोडलेले कीडनाशक आणि पानाच्या मेणात मुरून, ऊन-दव खाऊन, काही प्रमाणात रूपांतरित झालेले कीडनाशक यांत फरक असतो. पहिले सहज परत मिळते. दुसरे मिळेलच असे नाही, आणि लोक खातात ते दुसरे. यासाठी शेतात ठरावीक मात्रेने फवारलेल्या आणि ठरावीक दिवशी काढलेल्या पिकाचे नमुने हवेत, त्यांचा पक्का निकाल मास स्पेक्ट्रोमीटरने आधी काढलेला हवा, आणि ते गोठवून सांभाळलेले हवेत. असा साठा एका मार्गदर्शकाला आपल्या अनुदानात उभा करता येणार नाही. पण पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर जाणणारे लोक आहेत, मांजरीला अवशेष जाणणारे आहेत, कृषी महाविद्यालयाकडे शेत आहे आणि गुलटेकडीला रोजचा माल आहे. एकाच महापालिकेच्या परिसरात हे सगळे असताना नमुन्यांचा सामायिक साठा नसावा, हे काही पैशांच्या कमतरतेने झालेले नाही.

नमुना घेण्याच्या पद्धतीवर मी थोडक्यात लिहितो, कारण नियम स्पष्ट आहेत. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्सच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कोबीसारख्या मोठ्या भाजीचे निदान पाच नग आणि दोन किलो, मध्यम आकाराच्या मालाचे निदान दहा नग आणि एक किलो घेऊन ते सगळे एकत्र एकजीव करायचे असतात. एका टोमॅटोवर टेकवलेला संवेदक त्या एका टोमॅटोबद्दल सांगतो, गाडीबद्दल नाही. कातडीला टेकवून लगेच निकाल देणारी पट्टी छायाचित्रात आकर्षक दिसते. तिच्यापासून सावध राहावे.

माझी मागणी अशी आहे. पुढच्या प्रबंधापासून, निदान पुण्यात होणाऱ्या कामापुरते, तीन गोष्टी मार्गदर्शकांनी सक्तीच्या कराव्यात. ठसा-पॉलिमर आणि टेम्प्लेटशिवायचे पॉलिमर यांची तुलना खऱ्या भाजीच्या अर्कात दाखवावी. कोऱ्या नमुन्यात झिरपणारा टेम्प्लेट किती, तो आकडा मर्यादेच्या टक्केवारीत छापावा. आणि निदान एका पालेभाजीवर वीस नमुन्यांची कसोटी लावून जो काही निकाल येईल तो द्यावा, मग तो वीसपैकी अकरा का असेना. अकराचा निबंध चांगल्या नियतकालिकात छापून येणार नाही, असे विद्यार्थी म्हणतील, आणि ते बरोबर असू शकते. त्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर न टाकता विभागांनी आपल्या मूल्यमापनात अशा कामाला जागा द्यावी.

नमुन्यांच्या साठ्यासाठी सुरुवात द्राक्षांपासून करणे सोपे जाईल. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, प्रत्येक फवारणीची नोंद निर्यातक्षम बागांमध्ये ठेवलेलीच असते, आणि जानेवारीपासून काढणी सुरू होते. त्यामुळे कोणत्या दिवशी काय मारले हे माहीत असलेले घड मिळू शकतात. छाटणीच्या आधी, म्हणजे सप्टेंबर अखेरपर्यंत, एखाद्या विभागाने पुढाकार घेऊन बैठक बोलावली तर कोणत्या पाच रसायनांवर, किती बागांतून आणि कोणत्या अंतराने नमुने घ्यायचे याचा कच्चा आराखडा मी लिहून आणीन. अर्क काढणे, कोरे नमुने निवडणे आणि प्रयोगवहीची तपासणी ही कामे मी विनामोबदला करायला तयार आहे. पालेभाजीसाठी मात्र हंगामाची वाट पाहण्याची गरज नाही. ती यार्डात रोज येते.

आपला विश्वासू,
एक अवशेष-विश्लेषक
पुणे